उर्पीचं जावळ

कुस्को, २६ एप्रिल १६१०

दोन्या ब्रियांदा, वाड्यावरच्या बाईसाहेब, येऊन गेल्या. स्वतः! इतक्या वर्षांत माझ्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच बोलल्या. गास्पारचं, त्यांच्या मुलाचं, लिमात लग्न झालं. सूनबाई कॉर्पुसच्या सणाला इथे पोचते. तिच्या कानावर काही जायच्या आधी 'हे पोर' मठात गेलेलं बरं. जागा झाली आहे. गास्पारचीच तशी इच्छा आहे.

हे पोर म्हणजे उर्पी. माझी नात. त्यांचीही आहे, पण तसं त्या कधी म्हणाल्या नाहीत. माझी कातालिना हिला जन्म देऊन आठवड्यात गेली, आणि गास्पार तर त्याच्याही आधी लिमाच्या वाटेला लागला होता. ब्रियांदाबाईंच्या तोंडून कातालिनाचं नाव मी एकदाही ऐकलेलं नाही. नेहमी 'तुझी ती मुलगी'.

"तिचं भलंच होईल," म्हणाल्या. "तुझं काय वाईट झालं मठात? वाचतेस, लिहितेस, हातात कसब आहे."

मी "हो" म्हणाले. दमले होते. दमल्यावर हो म्हणायला सोपं जातं. आणि नाही म्हणून तरी काय? बापाचा शब्द तो. मी कोण — इंका आईची नि स्पॅनिश शिपायाची मुलगी, वर विधवा.

उर्पी चुलीशी बसून कुईंच्या, घरात पाळलेल्या गिनीपिगांच्या, पिल्लांना मक्याची पानं भरवत होती. पाहुणी काहीतरी घेऊन आली असेल असं तिला वाटलं. हात पुढे केला. तो कोणी पाहिला नाही.

२७ एप्रिल

काही सुचत नाही. संताच्या मूर्तीचे केस शिवायचे तसेच पडून.

३ मे

क्रुसाचा सण. आमच्या चढावरच्या क्रुसाला फुलं वाहून आले. गुडघे आता चढ मानत नाहीत.

कामाला बसले. यंदा कॉर्पुसच्या मिरवणुकीसाठी आमच्या पेठेच्या सांता आनाच्या मूर्तीला नवे केस. कोणी दुखण्यातून उठलं, कोणाचं मूल जगलं, की बायका नवसाचे केस आणून देतात. मी ते राखेच्या पाण्यात धुते, विंचरते, एकेक झुबका कापडावर शिवते. मिरवणुकीत संत माणसांच्या खांद्यांवरून डुलत निघतात तेव्हा त्यांचे केस हलतात — लोक हात जोडतात — आणि मला मात्र कळत असतं, हा झुबका शिंपिणीचा, तो अमकीच्या मुलीचा.

उर्पी शेजारी. "आजी, सुई टोचली की संताला दुखतं?"

"नाही गं."

"मग मला विंचरताना का दुखतं?"

दुखणारच. जन्मापासून कात्री लागलेली नाही. मेंढीसारखी गुंतवळ झाली आहे. जावळ व्हायचं आहे अजून. गावभराच्या संतांचे केस माझ्या हातून होतात आणि घरातल्या पोरीचं जावळ अडून बसलं आहे!

अडलं आहे ते मामापायी. पहिली बट मामाने कापायची. जो पहिली बट कापतो तो त्या मुलाचा जन्माचा माणूस होतो. घरातलं नाव तो ठेवतो, पहिलं जनावर तो देतो. त्यानंतर बाकीचे, एकेक बट, एकेक भेट. उर्सुला हे पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याला दिलेलं. उर्पी, म्हणजे कबुतर, हे नुसतं लाडाचं. खरं नाव अजून व्हायचं आहे. आणि मामा, माझा लोरेन्सो, खेचरं घेऊन पोतोसीच्या वाटेवर. ईस्टरला यायचा होता.

आज मनाशी ठरवून टाकलं. पोर जाणार, ते माझ्याच्याने थांबत नाही. पण जायच्या आधी जावळ व्हावं. मामाच्या हातून व्हावं. एवढंच. देवा, याहून जास्त मागत नाही.

९ मे

पास्कुआला चिडली आहे. माझी स्वैपाकीण — माझ्याहून म्हातारी, माझ्याहून खणखणीत.

"बाई, तुम्हीच कापा नि मोकळ्या व्हा. मामा मामा करत बसलात तर तिकडे मठातल्या बाया भादरून ठेवतील."

"आजीने कापून चालतं का गं? तूच सांग."

"नाही चालत." मक्याची आणखी एक मूठ दगडावर टाकली. मग म्हणाली, "पण मठातल्या बायांपेक्षा बरं की!"

मठातल्या बाया. मला जे आठवतं ते पास्कुआलाला कुठून ठाऊक असणार.

मी सहा वर्षांची. बापाने मला दाराशी नेलं. आई रस्त्याच्या पलीकडे भिंतीला टेकून उभी. तिला आत येऊ देत नव्हते. माझंही जावळ तोवर राहिलेलं, कारण मामा डोंगरात लपलेला, इंका राजाच्या माणसांबरोबर. आत गेल्या गेल्या मला बाकावर बसवलं. दोघींनी धरलं, एकीने कापलं. मी "मामा कुठाय, मामा कुठाय" म्हणून किंचाळत होते, माझ्या आईच्या भाषेत. कोणाला कळलं नाही. चांगल्या होत्या त्या, मारलं नाही. मागून मधाची पोळी दिली.

केस वाया घालवले नाहीत. गाभाऱ्यातल्या बाळ येशूच्या डोक्यावर बसवले. मी रोज प्रार्थनेला गुडघे टेकून माझेच केस बघायची. त्याला छान दिसायचे. त्याचा मला राग कधी आला नाही. फक्त वाटायचं, मला कापलं कोणी? मी कोणाची झाले? अजूनही कधीतरी वाटतं. या वयात! हसण्यासारखंच आहे.

१० मे

काल लिहायचं राहिलं. त्या दिवशी 'मामा कुठाय'चा अर्थ मला एकीनेच विचारला होता. ब्रियांदाने. तेव्हा नुसती ब्रियांदा. तिची आत्या मठात मोठ्या मानाची. ब्रियांदा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, रेशमी फीत लावणारी, सगळ्यांच्या खोड्या काढणारी. परसात धुण्याच्या दगडावर आम्ही दोघी, भर दुपारी, पाय पाण्यात सोडून. मी तिला सगळं सांगितलं — बट, मामा, नाव, जनावर. कापणाऱ्याने रिकाम्या हाताने यायचं नसतं, हेही. ती इतकी हसली! "म्हणजे त्या मदर आता तुझ्या मामा! जा, जा, त्यांच्याकडे लामा माग!" आठवडाभर मला बघितलं की "मामा आली, मामा आली" करायची.

पण ओल्या परकराने मला घट्ट धरून बसलीही होती, रडू थांबेपर्यंत. ते का आठवलं आज.

पुढे ती दोन्या ब्रियांदा झाली. मी तिच्या घरची शिवणं करू लागले. अहो-जाहो झालं. ते कधी झालं ते काही आठवत नाही.

१५ मे

तांडा आला! चढावर घुंगरं वाजली आणि पास्कुआला पदर खोचून धावली. लोरेन्सो त्यात नाही. दुसऱ्याचा तांडा. म्हाताऱ्या तांडेवाल्याने टोपी काढली आणि उगाच खाली बघत म्हणाला, "खिंडीत बर्फ आहे, आई. त्याची खेचरं खुरांनी आजारी. मागे राहिलाय."

"जिवंत आहे ना?"

"मी पाहिला तेव्हा शिव्या देत होता."

म्हणजे जिवंत आहे.

१६ मे

बसून राहिले. दिवसभर.

२२ मे

ब्रियांदाबाईंची मोलकरीण उर्पीच्या अंगाचं माप घ्यायला. मागोमाग त्या स्वतः. मठाचा करडा झगा शिवायचा आहे. मोलकरीण माप घेते तर उर्पी हसून हसून लोळायला लागली, गुदगुल्या होतात म्हणून.

बाईंनी तिच्या डोक्याकडे पाहिलं. "हे काय गं, मेन्सिया? पक्ष्याने घरटं केलंय की काय?"

"लोरेन्सो आला की कापू."

"अजून ते चालतं तुमच्यात?"

पाद्रीबाबांनी गेल्या वर्षी सगळ्यांदेखत सांगितलंय, केस कापून चिचा, आपली मक्याची दारू, पिणं ही सैतानाची पूजा. जावळ करायचं तर दार लावून. बाई कोणाला सांगायच्या नाहीत, तरी नको ते बोलून गेले.

पास्कुआला मात्र गप्प राहीना. "आमच्यात चालतं, बाईसाहेब. तुमच्यात पोरं वाऱ्यावर सोडायचं चालतं, तसं."

मला वाटलं, मेलो आता! पण ब्रियांदाबाई नुसत्या हातमोजे चढवत राहिल्या. एकेक बोट सारखं करत. किती वेळ लावला त्याला! थकल्यासारख्या दिसल्या. त्यांचंही वय झालं. लिमाची सून येते म्हणून घरभर चुना चाललाय, दळण चाललंय, त्यात मुलाचे हुकूम.

जाताना म्हणाल्या, "हिचे डोळे कोणासारखे गं?"

"कातालिनासारखे," मी म्हणाले.

त्या गेल्या.

३० मे

पेंटेकॉस्ट. खिंडीतून कोणी नाही. रात्री अंगणात पाणी गोठायला लागलं. बटाटे पसरून ठेवलेत गोठायला, सुकवून वर्षभर टिकावेत म्हणून; सकाळी उर्पी ते पायांनी तुडवते आणि गाते. पाय लाल होतात तिचे. मठात बटाटे तुडवू देतील का?

सांता आनाचे अर्धे केस झाले. डोळ्यांतून पाणी येतं, धागा दिसत नाही.

२ जून

नेली.

अजून आठवडा होता! सणाच्या आदल्या दिवशी नेऊ असं ठरलं होतं. सकाळीच दार वाजलं. ब्रियांदाबाई, दोन मोलकरणी. मी कामाला बसलेली, मांडीवर संताचे केस.

"आजच नेते. सून लवकर येतेय."

मी उठलेच नाही. मी म्हणाले, "दोन दिवस द्या. तिचा मामा येऊ दे. एवढंच मागते, दोन्या ब्रियांदा, आयुष्यात काही मागितलं नाही."

त्यांनी उर्पीला ओढून मांडीवर घेतलं. माझ्या बाकावरची कात्री उचलली, संताच्या केसांची. आणि कानामागची एक बट कचकन कापली.

पास्कुआलाच्या हातातलं मडकं फुटलं. खरंच फुटलं. चिचा सगळीकडे.

"असं काय बघता?" बाई म्हणाल्या. "उवा आहेत. मदरना दाखवायला नको, काय अवस्थेत ठेवलीय ते?" बट रुमालात बांधली, कमरेला खोचली. बाकीचे केस तसेच. कात्री बाकावर होती तिथे ठेवली.

मी ओरडायला हवं होतं. सहा वर्षांची असताना ओरडता येत होतं.

उर्पी रडली नाही. नवा झगा बघून खूश. दारातून वळून म्हणाली, "आजी, पिल्लांना पानं घाल." एवढंच म्हणाली.

३ जून

पिल्लांना पानं घातली.

५ जून

लोरेन्सो आला. दाढी वाढलेली, एक पाय बर्फाने काळा-निळा. दारातूनच, "कुठाय माझी भाची?" पिशवीतून नवी कोरी कात्री काढली, पोतोसीहून आणलेली, मुठीला लाल लोकर गुंडाळून. आणि एका दोरीला लामाचं पिल्लू, लंगडं.

मी सांगितलं. पास्कुआलाने अधिक सांगितलं.

तो अंगणात गोठलेल्या बटाट्यांशेजारी बसला. मग म्हणाला, "आई, मी मठात जातो. पहिली नाही तर नाही, उरलेले तरी माझ्या हातून होतील."

"दुसऱ्या बटेचा मामा तू," पास्कुआला म्हणाली. "पहिली त्या बयेने नेली. आता जन्मभर तीच उर्पीचं माणूस. नि तिला ते ठाऊकसुद्धा नाही! कुत्र्याच्या अंगावरची गोचीड काढावी तशी कापली."

"गप ग म्हातारे!"

"मी गप बसेन. रीत गप बसते का?"

दोघं भांडत राहिले. मी आत येऊन पडले. पुन्हा तेच झालं. पुन्हा दुसऱ्या कोणीतरी धरलं, कोणीतरी कापलं. मी काय केलं? बघत बसले. माझ्या आईने भिंतीला टेकून बघितलं तसंच. तिला निदान रस्त्यापलीकडे उभं केलं होतं.

७ जून

लोरेन्सो मठाच्या दाराशी जाऊन आला. दाराशी बसणारी सिस्टर त्याला ओळखते, तिचं सामान तोच आणतो. म्हणाली, "अशी मुलगी आलेलीच नाही."

"चार वर्षांची, केसांचं टोपलं!"

"अरे बाबा, आली असती तर मीच नाही का दार उघडलं असतं?"

मग कुठे आहे? लोरेन्सो ब्रियांदाबाईंच्या वाड्यावर गेला. नोकरांनी आत घेतलं नाही. वरच्या सज्ज्यावर लिमाची सून दिसली म्हणे, मोत्यांनी मढलेली. पोर दिसलं नाही.

दुसऱ्या गावी दिली का? कुठल्या शेतावर, कोणाच्या चुलीशी? मला मठाची भीती वाटत होती. आता मठात असती तर बरं, असं वाटतं. माणूस किती खाली उतरतो मागता मागता.

९ जून

सांता आनाचे केस झाले. डोक्यावर बसवून आले. पाद्रीबाबा म्हणाले, "मेन्सिया, यंदा टाके वाकडे गेले वाटतं." मी म्हणाले, "हो, बाबा." उद्या मिरवणुकीला जायचं मनात नाही. पास्कुआला नेणारच म्हणते.

१० जून, कॉर्पुस

सांता आना चौकात शिरली तेव्हा मी पास्कुआलाच्या खांद्याला धरून उभी होते. समोर गर्दी दुभंगली. ब्रियांदा! काळ्या मखमलीत, सगळ्या गावादेखत, चालत. एका हाताला उर्पी. दुसऱ्या हातात दोरी, दोरीला पांढरं लामाचं पिल्लू, कानांत लाल लोकर. मागे मोत्यांची सून, डोळे विस्फारलेले, आणि गास्पार, खाली मान घातलेला.

सरळ माझ्यापुढे येऊन थांबली. दोरी उर्पीच्या हातात दिली.

"कापणाऱ्याने रिकाम्या हाताने यायचं नसतं ना गं? तूच सांगितलं होतंस. धुण्याच्या दगडावर."

मी उर्पीला जवळ ओढलं.

"आठ दिवस माझ्या खोलीत ठेवली होती. सून येऊन बसेपर्यंत कोणाला सांगितलं असतं तर गास्पारने हिला मठात टाकली असती. आता सगळ्या गावाने हिला माझ्या हाताशी पाहिलंय, कोणी हिला कुठे नेऊन दाखवावं. मठात आपण दोघी गेलो तेवढ्या पुरे."

मग वाकून उर्पीचा चेहरा सारखा केला, आणि मोठ्याने, सुनेला ऐकू जाईल असं म्हणाली, "हिचं नाव मी ठेवलंय. कातालिना."

लोरेन्सो कात्री घेऊन आलेलाच होता. आता माझ्या अंगणात बसलेत सगळे, दार सताड उघडं. पाद्रीबाबांचं बघू मागून. पांढरं पिल्लू नि लंगडं पिल्लू एकाच खुंट्याला. मामाची दुसरी बट झाली. ब्रियांदा चिचा मागतेय, आणि पास्कुआला तिच्यासाठी ती दोनदा गाळतेय. मला हाक मारतायत. मेन्सिया, ये, तुझी पाळी.